मिनी ट्रॅक्टरचं कूलंट कमी होतंय, थेंब फक्त सकाळी दिसतो. हेड उतरवण्याआधी काय काय तपासू?

दिंडोरीचा_बागायतदार
सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. तीन सिलिंडरचा, २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, मीटरवर २,९०० तास. मागे फवारणीचा ६०० लिटरचा ब्लोअर. दोन दिवसांच्या फवारणीत रेडिएटरमध्ये साधारण एक लिटर भर घालावी लागते. सकाळी पुढच्या अ‍ॅक्सलखाली दोन-तीन थेंब पडलेले असतात. इंजिन गरम झालं की थेंब थांबतो, शोधून सापडत नाही. ब्लोअर चालू असताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून दोन बोटं वर जातो. आतापर्यंत वरून बोअरचंच पाणी घातलंय.

इंजिनच्या डाव्या अंगाला, हेडच्या खाली, ओलसर डाग आहेत. ते बघून एका मेकॅनिकने हेडचं पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारा पत्रा) गेलंय म्हणून सांगितलं, दुसरा म्हणतो रेडिएटर बदला. द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे, ढगाळ हवा आली तर डाऊनीची (बुरशीच्या रोगाची) फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येणार नाही. इंजिन खोललं तर चार दिवस गेले. खोलण्याआधी नक्की गळती कुठे आहे हे कसं ठरवायचं?


डिझेल_मिस्त्री_पिंपळगाव
सोमवार, रात्री १०.०५

भाऊ, आधी हेडला हात लावू नका. पाच गोष्टी बघून सांगा.

एक, ऑइलची डिपस्टिक ओढा. ऑइल काळंच आहे की चहात दूध घातल्यासारखं झालंय? पातळी वाढलीय का? दोन, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो तो मिनिटभरात जातो की राहतो? तीन, थंड इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत वरची होज नळी दाबून बघा. पाणी अजून गार असताना नळी दगडासारखी कडक झाली तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. चार, थंड असताना झाकण काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा आणि स्टार्ट करा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतील ते सोडा. एकसारखी बुडबुड्यांची माळ येत राहिली तर पॅकिंगचा संशय धरायचा. पाच, रात्री ट्रॅक्टरखाली खताच्या गोणीचं पांढरं अस्तर अंथरा. थेंब कुठल्या रंगाचा आणि कशाच्या बरोब्बर खाली, ते सकाळी कळेल.

गरम इंजिनचं झाकण उघडू नका. घाईच्या दिवसांत हात तिथंच भाजतो.


ओझरकर_९
सोमवार, रात्री १०.३०

बाग फुलोऱ्यात असेल तर तात्पुरता उपाय म्हणून रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकतात ना? नाहीतर बाजारात लीक बंद करायची पावडर मिळते. हंगाम निघून जाईल.


रेडिएटर_झाळकाम
मंगळवार, सकाळी ६.४५

ओझरकर भाऊ, हळद काम करते हे खरं आहे आणि म्हणूनच ती घातक आहे. भोकापाशी जाऊन हळदीचा गाळ बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक चपट्या नळ्यांमध्येही बसतो. त्या नळ्यांची आतली वाट दोन मिलिमीटरच्या आसपास असते. बोअरच्या पाण्याचा क्षार आधीच तिथं चिकटलेला असतो, त्यावर हळद बसली की खालच्या ओळी बंदच. मग गळती थांबते आणि इंजिन तापायला लागतं. कडेला उभं राहून लिटरभर पाणी घालणं परवडतं, हेड वाकलेलं परवडत नाही.

पावडरचंही तेच. रानात अडकलात आणि घरी यायचंय तेवढ्यापुरतं ठीक. पण नंतर सगळं पाणी सोडून दोनदा धुवायचं. आणि एक: गळती वॉटर पंपाच्या सीलमधून असेल तर ही कुठलीच वस्तू ती थांबवत नाही. तिथं दोन घासलेल्या चकत्या एकमेकींवर फिरतात, त्यांच्यात गाळ गेला की त्या आणखी घासतात.


सातपूर_टूलरूम
मंगळवार, सकाळी ८.१०

थेंब थंडीत पडतो आणि गरम झाल्यावर थांबतो, या एका वाक्यात बरंच उत्तर आहे. धातू, रबर आणि क्लिप वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. रात्री गारठा पडला की होजची क्लिप सैल पडते, पंपाच्या सीलचा रबरी भाग कडक होतो, आणि थेंब सुटतो. इंजिन ८० अंशांवर गेलं की सगळं फुगून बसतं. म्हणून गळती गरम इंजिनवर शोधूच नका. पहाटे, स्टार्ट न करता शोधा.

त्यासाठी प्रेशर टेस्टर लागतो. हातपंप, घड्याळ आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं झाकण, एवढंच ते यंत्र. रेडिएटर दुरुस्तीवाल्यांकडे असतं, भाड्याने किंवा ओळखीवर मिळून जातं. पाणी गळ्याच्या दोन बोटं खालपर्यंत भरा, टेस्टर लावा आणि तुमच्या झाकणावर जो आकडा कोरलाय तेवढाच दाब द्या. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांना ०.९ असतो, म्हणजे ०.९ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. त्याच्या वर जाऊ नका, जुन्या रेडिएटरचा जोड तुम्हीच फोडाल. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा थेट तर अजिबात देऊ नका.

काटा पंधरा मिनिटं हलला नाही तर थंडीत बाहेरून गळती नाही. खाली आला तर टॉर्च घेऊन बसा आणि सगळ्यात वरचं ओलं ठिकाण शोधा. पाणी खाली वाहतं, त्यामुळे खालचं ओलं ठिकाण हा फक्त प्रवासाचा मुक्काम असतो. बोअरच्या पाण्याचा इथं एक फायदा आहे: ते सुकलं की पांढरा क्षार मागे राहतो. त्या पांढऱ्या ओघळाचं वरचं टोक गाठा.

काटा खाली येतोय आणि बाहेर एक थेंबही नाही, असं झालं तर पाणी आत जातंय. तेव्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून, स्टॉपची दोरी ओढून, इंजिन हाताने फिरवून बघायचं.


डिझेल_मिस्त्री_पिंपळगाव
मंगळवार, सकाळी ८.४०

हेडखालच्या डागांबद्दल राहिलं. या ट्रॅक्टरांचा फॅन रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनवर फेकतो. पंपाजवळ कुठेही थेंब सुटला तर फॅनचा वारा तो मागे ब्लॉकवर उडवतो. बघणाऱ्याला वाटतं हेडच्या सांध्यातून पाझरतंय. म्हणून तो भाग डिझेलने नाही, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा पुसा आणि मग दाब द्या. फॅन बंद असताना डाग हेडच्या सांध्यापासून सुरू झाला तरच पॅकिंगला दोष द्यायचा.


दिंडोरीचा_बागायतदार
बुधवार, सकाळी ७.३०

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. ऑइल काळंच आहे, पातळी जागेवर. धूर मिनिटात साफ. नळी कडक होत नाही, बुडबुडे दोन-चार आले आणि थांबले. पहाटे पावणेसहाला ०.९ दाब दिला, चार मिनिटांत ०.६ वर आला.

दोन जागा सापडल्या. वॉटर पंपाच्या बॉडीला, फॅनच्या पुलीच्या मागे खालच्या अंगाला, पेन्सिलच्या टोकाएवढं एक भोक आहे. त्यातून दर दहा-बारा सेकंदांनी थेंब. भोकाच्या भोवती हिरवट-पांढरी खरवड जमलेली, नखाने उकरली तर खडूसारखा भुगा पडतो. दुसरी जागा खालच्या होजची रेडिएटरकडची क्लिप, तिथं नुसता ओलावा आहे. भोकाला एम-सील लावला तर?


सातपूर_टूलरूम
बुधवार, सकाळी ८.००

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलंय. पंपाच्या शाफ्टवर पुढे बेअरिंग आणि मागे पाण्याचं मेकॅनिकल सील असतं. मधल्या पोकळीतून हे भोक बाहेर निघतं. सील थकलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी इथून बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. भोक बुजवलंत तर पाणी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये जाईल. मग बेअरिंग वाजेल, शाफ्ट डोलेल आणि एक दिवस फॅन रेडिएटरच्या जाळीत घुसेल. पंप तर बदलावा लागेलच, रेडिएटरही जाईल.

नव्या पंपाच्या भोकातून पहिल्या तासा-दोन तासांत थोडा ओलावा येऊ शकतो, चकत्या एकमेकींवर बसेपर्यंत. तेवढ्याने घाबरू नका. तुमच्याकडे खरवड जमलीय, म्हणजे गळती जुनी आहे.

सील का गेलं हेही बघा, नाहीतर नवा पंपही हंगामात जाईल. बोअरच्या पाण्यातला क्षार सीलच्या चकतीवर बसतो आणि ती कानशीसारखी घासली जाते, हे पहिलं कारण. दुसरं, फॅनबेल्ट तारेसारखा ताणलेला. डायनामो चार्ज करत नाही म्हणून पट्टा आवळत नेतात आणि सगळा भार पंपाच्या बेअरिंगवर येतो. तिसरं, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं. सीलची चकती कार्बनची किंवा सिरॅमिकची असते, एकदम गार झाली की तडकते.


निफाडची_ताई
बुधवार, सकाळी ९.१५

मी याच आठवड्यात पंप बदलणार आहे, तोही छोटाच ट्रॅक्टर आहे. नुसतं सील किट स्वस्त मिळतं. ते टाकावं की पूर्ण पंप?


डिझेल_मिस्त्री_पिंपळगाव
बुधवार, दुपारी १.२०

ताई, पूर्ण पंप घ्या. सील बसवायला प्रेस लागते, हातोडीने बसवलेलं सील तिरकं बसतं. शाफ्टला जुन्या सीलची चर पडली असेल तर नवं सीलही तिथून गळतं. शिवाय इम्पेलर (पाणी ढकलणारं पंपाचं चाक) आणि बॉडीमधलं अंतर कंपनीने सांगितलं तेवढंच ठेवावं लागतं. अंतर जास्त झालं तर पाणी कमी फिरतं, कमी झालं तर घासतं.

दोघांसाठी कामाची पद्धत सांगतो. निवांत केलं तर तीन तास.

इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून आणि ब्लॉकच्या तोटीतून पाणी एका स्वच्छ टबात सोडा आणि मोजून ठेवा. तोटीतून काही येत नसेल तर पाणी संपलंय असं समजू नका, क्षाराने तोटी बुजलेली असते. तारेने मोकळी करा.

रेडिएटर आणि फॅनच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. पाना सटकला की पाती जाळीत जातात. डायनामोचा बोल्ट सैल करून पट्टा काढा आणि पंपाची पुली हाताने फिरवा. आता भार नाही, त्यामुळे बेअरिंगची खरखर बोटांना कळते. फॅनच्या पात्याचं टोक पुढे-मागे हलवून बघा, डोलत असेल तर बेअरिंगही गेलेलं आहे. मग फॅन, पुली आणि शेवटी पंपाचे बोल्ट. हे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला की ब्लॉकला तडा जातो.

जुनं पॅकिंग खरवडताना सगळ्यात जास्त सावध राहा. स्क्रू ड्रायव्हरने ओढलेला एक ओरखडा म्हणजे गळतीची नवी वाट. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा, चिकटलेला भाग थिनरने ओला करून पाच मिनिटं थांबा. नवं पॅकिंग लावताना सिलिकॉनचा हात इतका पातळ की कागदाचा रंग खालून दिसला पाहिजे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दोऱ्यासारखं निघतं, तुटतं आणि थर्मोस्टॅटमध्ये (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेत) जाऊन अडकतं.

बोल्ट समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळा. ८ मिमी आट्यांच्या बोल्टला टॉर्क पान्यावर २ ते २.५ किलोग्रॅम-मीटर पुरे. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

पट्टा चढवल्यावर सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने जोरात दाबा. १० ते १२ मिमी खाली गेला पाहिजे. कमी गेला तर बेअरिंगवर भार, जास्त गेला तर चढावर पट्टा घसरणार आणि काटा वर जाणार.


रेडिएटर_झाळकाम
बुधवार, दुपारी २.१०

खालच्या होजच्या क्लिपबद्दल. नुसतं आवळून सोडू नका. होज काढा आणि टोक चिमटीत दाबा. आतून तडतड आवाज आला किंवा रबर चिकट, फुगीर लागलं तर होज बदला. डिझेल-ऑइल लागून रबर फुगतं. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर ती नव्या होजमध्ये टाकायला विसरू नका. पंप त्या बाजूने पाणी ओढतो. स्प्रिंग नसली तर जास्त आरपीएमला नळी आत चेपते आणि पाणी थांबतं. उभ्या ट्रॅक्टरला दिसत नाही, ब्लोअर चालू केला की गरम होतो, असा फसवा आजार तो.

रेडिएटरची नळी लोखंडी किंवा पितळी असेल तर तिच्यावरचा जुना गंज-क्षार पॉलिश पेपरने काढा. प्लास्टिकची असेल तर फक्त कापडाने पुसा. क्लिप टोकापासून साधारण १० मिमी आत, नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर बसवली तर रबर कापलं जातं.

आणि ज्याने रेडिएटर बदला म्हणून सांगितलं त्याच्यासाठी: तांब्या-पितळेच्या रेडिएटरला हेडर प्लेटच्या (नळ्या जिथं टाकीला जोडतात त्या पट्टीच्या) सांध्यातून गळती असेल तर झाळून डाग मारला की तो वर्षानुवर्षं चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असेल तर तिला डाग मारता येत नाही. एम-सील लावला तरी महिनाभरात सुटतो, कारण प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे वाढत नाहीत. तिथं टाकी आणि रबर बदलणं किंवा नवा रेडिएटर, हेच दोन मार्ग.


ओझरकर_९
बुधवार, रात्री ८.५०

विषय निघालाच आहे तर विचारतो. माझा ४५ एचपीचा मोठा ट्रॅक्टर. पाणी आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली थेंब नाही, कुठे ओलं नाही. दाब दिला तर वीस मिनिटांत ०.१ उतरतो, बाहेर काहीच दिसत नाही.


डिझेल_मिस्त्री_पिंपळगाव
बुधवार, रात्री ९.३०

ओझरकर भाऊ, तुमच्या इंजिनात ओले लायनर असतील तर खालच्या ओ-रिंगवर संशय आहे. लायनरच्या बाहेरून पाणी फिरतं आणि खाली ते रबराच्या रिंगने अडवलेलं असतं. रिंग थकली की पाणी थेट ऑइलच्या चेंबरात.

सोपी परीक्षा आहे. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवा, शक्यतो मुक्कामाआधी दाब देऊन. सकाळी स्टार्ट न करता ऑइलचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं. पहिल्यांदा थेंब पाण्याचा आला तर उत्तर मिळालं. डिपस्टिकवर दिसेपर्यंत थांबलात तर तोवर क्रँकची बेअरिंगं खराब व्हायला लागलेली असतात.

ऑइल स्वच्छ असेल तर बुडबुड्यांची परीक्षा करा. बुडबुडे एकसारखे येत असतील तर आयडलवर (इंजिन कमीत कमी वेगात चालू ठेवून) एकेका इंजेक्टरचा पाईप सैल करा. ज्याचा सैल केल्यावर बुडबुडे कमी होतात, त्या सिलिंडरपाशी पॅकिंग गेलेलं किंवा हेडला तडा. डिझेलची धार फार दाबाची असते, त्वचेत घुसते. हात लांब आणि वर जाड कापड.


सातपूर_टूलरूम
बुधवार, रात्री १०.००

यात भर: रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाची एक टेस्ट मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेला वायू असेल तर डिझेल इंजिनला निळ्याचा हिरवा होतो. ट्यूबमध्ये पाणी ओढलं गेलं तर निकाल खोटा येतो, म्हणून पातळी आधी थोडी उतरवा.

हेड उतरवावंच लागलं तर ते नुसतं पॅकिंग बदलून परत बसवू नका. सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या रेषांवर ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घाला. बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांना ०.०५ मिमीचं पान आत गेलं म्हणजे हेड ग्राइंडिंगला द्यायचं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळायचे.


निफाडची_ताई
गुरुवार, सकाळी ६.३०

पंप आणला. आता कूलंट किती आणि कोणतं? इथं थंडी चांगली पडते, पण पाणी गोठेल इतकी क्वचितच. मग कूलंट हवंच का?


सातपूर_टूलरूम
गुरुवार, सकाळी ८.१५

निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जाणाऱ्यांपैकी आहे, तरी कूलंटचं इथलं मुख्य काम गोठणं रोखणं नाही. त्यातली रसायनं ब्लॉकचं लोखंड, हेडचं अ‍ॅल्युमिनियम आणि सोल्डर गंजू देत नाहीत आणि पंपाचं सील ओलसर ठेवतात. दुसरं काम उकळी लांबवण्याचं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट आणि वर ०.९ चं झाकण असलं की उकळीला १२० च्या पुढे जावं लागतं.

डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक लिहिलेलं बघून घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपनीने घातलेला रंग असतो, जात नव्हे. आधी काय होतं माहीत नसेल तर मिसळू नका, सगळं काढा. काही दोन प्रकार एकत्र आले की त्यांचा चिकट गाळ होतो.

मिसळण्यात एक चूक सगळेच करतात. समजा प्रणालीत ५ लिटर मावतं. धुतल्यावर ब्लॉकमध्ये लिटरभर साधं पाणी राहूनच जातं. तुम्ही बाहेर निम्मं-निम्मं करून ओतलं तर आत प्रमाण निम्म्याच्या खाली येतं. म्हणून आधी न मिसळलेलं कूलंट २.५ लिटर ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा, बॅटरीत घालतो तेच पाणी. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, पण मग आधी ब्लॉकची तोटी उघडून सगळं रिकामं करा. नुसतं शंभर टक्के कूलंट भरणंही चूक, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

घरच्या आरओ मशीनच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र कधीच नको. त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतो.


रेडिएटर_झाळकाम
गुरुवार, सकाळी ९.००

धुण्याबद्दल. क्षार खूप असेल तर बाजारातलं रेडिएटर फ्लश वापरा, अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलंच. कडक अ‍ॅसिड घरी वापरू नका. नंतर साध्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने, निघणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. क्षार निघाल्यावर त्याखाली झाकलेलं एखादं बारीक भोक उघडं पडू शकतं. फ्लशने रेडिएटर फोडला असं लोक म्हणतात, भोक आधीचंच असतं. म्हणून फ्लश फवारणीच्या आदल्या रात्री करू नये.

बाहेरची जाळीही बघा. द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरला हा वेगळाच ताप आहे. बोर्डो मारतो, म्हणजे शंभर लिटरला किलोभर मोरचूद आणि चुना. ओळीच्या टोकाला वळताना तो धुरळा जाळीत ओढला जातो. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर बसलं आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियमला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. गंधकाची पावडर आणि वेलींचा कचरा वर चिकटून हवा अडवतो ते निराळंच. फवारणी संपली की त्याच दिवशी इंजिन गार झाल्यावर साध्या नळीने, इंजिनच्या बाजूकडून पुढे पाणी मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. प्रेशर वॉशरने पाती आडवी होतात, मग तिथून हवाच जात नाही.


दिंडोरीचा_बागायतदार
शुक्रवार, रात्री ८.४०

पंप, खालची होज आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. टबात फक्त पावणेचार लिटर निघालं, म्हणजे लिटरभर कमीच होतं. आतलं तांबूस गढूळ होतं. धुऊन २.५ लिटर कूलंट आणि वर डिस्टिल्ड पाणी भरलं. आज दोन टाक्या मारल्या, काटा जागेवर, थेंब नाही. पण एक नवीन: इंजिन गार झाल्यावर वरची होज मधोमध चेपते, चपटी होते. आणि बाजूची बाटली वरपर्यंत भरलीय, रेडिएटर मात्र दोन बोटं रिकामा.


सातपूर_टूलरूम
शुक्रवार, रात्री ९.०५

झाकण. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढल्यावर पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी झडप गार होताना आत पोकळी तयार झाली की बाटलीतलं पाणी परत ओढून घेते. तुमची छोटी झडप क्षाराने चिकटलीय. पाणी बाटलीत जातं, परत येत नाही, आणि नळी आत ओढली जाते. झाकण उलटं धरून मधली चकती नखाने ओढा. ती अलगद उघडली आणि सोडल्यावर बसली पाहिजे. रबरावर चर पडली असेल तर साफ करत बसू नका, नवं घ्या, पण त्याच ०.९ चं. जास्त आकड्याचं झाकण म्हणजे जास्त चांगलं असं नाही, वाढलेला दाब सगळ्यात कच्च्या जोडावर जातो.

नवीन झाकणानेही पाणी परतलं नाही तर बाटलीच्या बारीक नळीला चीर आहे का बघा, आणि तिचं टोक पाण्यात बुडलेलं आहे ना. चीर असेल तर पाण्याऐवजी हवा आत येते.


डिझेल_मिस्त्री_पिंपळगाव
शुक्रवार, रात्री ९.२०

भरताना हवा राहिली का तेही बघा. ट्रॅक्टरचं तोंड चढावर, झाकण उघडं, हळूहळू भरा आणि वरची होज हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील. आयडलवर चालू ठेवा. वरची होज एकदम गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, बहुतेक ठिकाणी ८२ अंशांना. त्या क्षणी पातळी खाली जाते, तिथं भर घाला आणि झाकण लावा. गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंजिन थंडच चालतं, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ऑइलमध्ये उतरतं.


दिंडोरीचा_बागायतदार
रविवार, सकाळी ७.५०

झाकणच होतं. मधली चकती क्षाराने घट्ट बसली होती, नखाने हललीच नाही. नवं ०.९ चं लावलं. आज पहाटे पुन्हा दाब दिला: सहा वाजता ०.९, सव्वासहालाही ०.९. बाटलीची पातळी दोन खुणांच्या मध्ये, रेडिएटर गळ्यापर्यंत. हेड उतरवायची गरजच नव्हती. जुनं कूलंट-पाणी टबात आहे, ते बांधावर ओतलं तर चालेल का? आणि क्लिपा पुन्हा कधी आवळू?


रेडिएटर_झाळकाम
रविवार, सकाळी ८.२०

नवं रबर बसतं, त्यामुळे पहिल्या ८ ते १० तासांच्या कामानंतर, गार इंजिनवर, क्लिपांना अर्धा आटा द्या. त्यानंतर सर्व्हिसच्या वेळी बघितलं तरी चालेल.

टब बांधावर नको आणि उघडाही नको. कूलंट चवीला गोड असतं. कुत्रं, वासरू ते चाटतं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरात विष लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे ते घेतात का विचारून द्या. टब साबणाने धुऊन उलटा ठेवा, त्यात जनावरांना पाणी देऊ नका.